भाऊंच्या खर्चाची वही

बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणजे फुकटचा हिशोबनीस, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. सोसायटीचा देखभाल खर्च, गणपतीची वर्गणी इथवर मी निभावलं. मग भाऊ विधानसभेला उभे राहिले आणि घरी येऊन चक्क पाया पडले. "काका, वही तुम्हीच सांभाळायची."

ही वही निवडणूक आयोग देतो. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. मर्यादा 40 लाख. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब सादर केला नाही, तर तीन वर्षं निवडणूकबंदी होऊ शकते. शिवाय जिल्ह्याचा दरतक्ता असतो. चहापासून मंडपापर्यंत सगळ्याचा भाव त्यात छापलेला. त्यामुळे "आम्हाला स्वस्तात मिळालं" हे आपलं राष्ट्रीय वाक्य तिथे चालत नाही.

पहिल्याच रॅलीत जेसीबीतून फुलं उधळली गेली. संध्याकाळी मी कार्यकर्त्याला विचारलं, "जेसीबी कोणाचा?"

"एका समर्थकाचा, सर."

"डिझेल?"

"त्याचं भाऊंवर प्रेम आहे."

"फुलं?"

"ती जनतेची."

प्रेम आणि जनता, दोन्हींसाठी वहीत रकाना नव्हता.

आणि आयोग काही झोपलेला नसतो. त्याची माणसं सभेचं चित्रीकरण करतात, खुर्च्या मोजतात आणि स्वतःची वेगळी छाया नोंदवही ठेवतात. तपासणीच्या दिवशी माझ्या वहीपेक्षा छाया बरीच लांब निघाली. माझ्या खुर्च्या कमी, त्यांच्या दुप्पट. कार्यकर्ता पुढे सरसावला, "साहेब, ती माणसं उभीच होती. बुटकी आहेत, म्हणून बसल्यासारखी दिसतात."

साहेबांनी त्यांचाच आकडा लिहायला लावला. बरोबरच केलं.

पुढे मोठ्या नेत्यांची सभा ठरली. ते हेलिकॉप्टरने येणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. 40 लाखांत पंखा तरी बसेल का? पण मान्यताप्राप्त पक्षाला 40 स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांचा प्रवासखर्च पक्षाच्या नावावर जातो. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही! 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशोबात धरा, असं म्हटलं होतं. त्याच वर्षी कायदा बदलून ती वाट बंद झाली. म्हणजे खाली मांडलेली प्लॅस्टिकची खुर्ची माझ्या वहीत आणि वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर वहीबाहेर. माझं साधं म्हणणं आहे, ही तिरंगी वही आधी पक्षांच्या कार्यालयात द्या. तिथे पानं पुरणार नाहीत, ते सोडा.

आणि पैसा येतो कुठून, हे विचारायची सोय त्याहून कमी. 20,000 रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला आयोगाकडे द्यावं लागत नाही. त्यावर 2018 पासून निवडणूक रोखे आले, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद. त्यात एक कोटी दिले तरी नाव झाकलेलं. मी चहावाल्याकडून कपागणिक पावती मागत फिरत होतो, हे इथे सांगून ठेवतो. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरवले. माहिती द्यायला स्टेट बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. बँकवाला म्हणून माझा ऊर भरून आला. 'जेवणानंतर या' ही परंपरा एवढ्या उंचीवर गेलेली मी पाहिली नव्हती. न्यायालयाने नकार दिला, आणि मार्चमध्येच याद्या बाहेर आल्या.

खरं बोलणारेही भेटतात. 2013 साली गोपीनाथ मुंडे यांनी भर कार्यक्रमात सांगून टाकलं, की 2009 च्या निवडणुकीत आपले आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती 25 लाख. आयोगाची नोटीस आली. भाऊंनी हे पक्कं लक्षात ठेवलंय. ते आकडा उच्चारतच नाहीत, बोटं दाखवतात.

निकाल लागला, भाऊ पडले. मी हिशोब मुदतीत सादर केला. उमेदवारांचे हिशोब सगळ्यांना बघता येतात, तसे भाऊंनी ते बघितले आणि तडक माझ्याकडे आले.

"काका, निवडून आलेल्याचा खर्च आपल्यापेक्षा कमी? त्याच्या सभेला तर दोन हेलिकॉप्टरं होती!"

"वहीत तसंच आहे खरं."

भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "राग मानू नका, पण त्याचा हिशोब कोण लिहितो?"

मी ताबडतोब नंबर दिला.