लॉइड जॉर्जची दोन पत्रं

आयर्लंडचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'शेवटी स्वातंत्र्य दिलं ते लॉइड जॉर्जनेच ना!' लॉइड जॉर्ज म्हणजे १९२१ च्या करारावेळचा ब्रिटिश पंतप्रधान. मला हे पटत नाही.

एप्रिल १९१६. इकडे टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली (होमरूल हा शब्दच आयरिश राजकारणातला), आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. नंतर आयर्लंडला होमरूल देण्याच्या तडजोडीचं काम लॉइड जॉर्जकडे आलं. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचे सहा परगणे त्यातून तूर्तास वगळू, अशी त्याने आयरिश नेते रेडमंड यांची समजूत घातली. ब्रिटनलाच जोडून राहू पाहणाऱ्या अल्स्टरवाल्यांचा नेता कार्सन, त्याला मात्र पत्रात लिहिलं, की अल्स्टरची इच्छा असो वा नसो, ते उरलेल्या आयर्लंडमध्ये जाणार नाही. एकाच माणसाने एकाच प्रश्नावर दिलेले हे दोन शब्द!

हा माणूस वेल्श. घरात वेल्श भाषा बोलणारा, बोअर युद्धाला विरोध करून लोकांचा रोष पत्करलेला. छोट्या समाजाचं दुःख त्याला ठाऊक होतं, म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो. पंतप्रधान झाल्यावर याच्याच सरकारने १९२० मध्ये 'ब्लॅक अँड टॅन्स' हे पोलिसांच्या मदतीला भरती केलेले दांडगे शिपाई आयर्लंडवर सोडले. त्याच वर्षी डिसेंबरात कॉर्क शहराचा मध्यभाग सरकारी दलांनी जाळला.

मग ५ डिसेंबर १९२१. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींना आलेले आयरिश प्रतिनिधी ग्रिफिथ, कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी समोर बसलेले. लॉइड जॉर्जने दोन पत्रं दाखवली. एकात करार झाल्याची बातमी, दुसऱ्यात नकाराची. आज रात्री उत्तर आयर्लंडचा पंतप्रधान क्रेग याला यातलं कोणतं पाठवू? नकार असेल तर तीन दिवसांत युद्ध. मध्यरात्र उलटून गेल्यावर सह्या झाल्या. डब्लिनला एक फोनही केला गेला नाही.

त्याचं सरकार कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या टेकूवर उभं होतं आणि त्या मंडळींना कॉलिन्ससमोर बसवणं सोपं नव्हतं, हे मी मान्य करते. पण बंदूक रोखून घेतलेल्या सहीला मी दान म्हणणार नाही.

उत्तर आयर्लंडची सीमा ठरवायला आयोग नेमू, हे गाजर त्याच करारात होतं. उत्तरेतले फर्मॅना आणि टायरोन हे परगणे आपल्याकडे येतील, ही आयरिश नेत्यांची आशा त्यावरच होती. करारावरून घरातच फूट पडली, यादवी पेटली. ऑगस्ट १९२२ मध्ये दहा दिवसांच्या आत ग्रिफिथ आजाराने गेले आणि कॉलिन्स गोळीने. आयोगाचा अहवाल १९२५ मध्ये दडपला गेला, सीमा होती तिथेच राहिली. तो अहवाल छापून लोकांसमोर आला १९६९ मध्ये. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैनिक उतरले.