किल्ली खिशात, घर पट्टीच्या पलीकडे

आज दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळे जरा लांबेल. कंटाळा आला तर पुढे सरका.

आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्याची मागची भिंत परवा रात्री बसली. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. जुन्या नाशकात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही: मातीची भिंत पावसात तग धरते आणि ऊन पडलं की जीव सोडते. कुणाला लागलं नाही, ही काळारामाची कृपा. रात्रीतच सगळी बिऱ्हाडं बाहेर काढली, लाल-पांढरी पट्टी बांधली, बोळाच्या तोंडाशी माणूस बसवला. चांगलं केलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

वाड्यातल्या काकू सध्या आमच्याकडे आहेत. त्यांचा चष्मा आणि बीपीच्या गोळ्या आत राहिल्यात. खोली रस्त्याच्या बाजूची, दारातून चार पावलं, फ्रिजवर स्टीलचा डबा. सकाळी बोळाशी गेलो, म्हटलं मी जातो, हेल्मेट घालतो, हवं तर तुम्ही बरोबर चला. "परवानगी आणा." कुणाची? "वरून आणा." वरून म्हणजे कुठून? तर त्या बाबानं खरंच वर आभाळाकडे बघितलं.

मग वरात निघाली. एका ऑफिसात म्हणाले, वाडा धोकादायक आहे एवढं सांगायचं आमचं काम, आत सोडायचं पोलिसांना विचारा. चौकीत म्हणाले, त्यांचं पत्र आणा. तिसऱ्या टेबलावर निदान उत्तर मिळालं: अर्ज, आधारची झेरॉक्स आणि घरपट्टीची नाहीतर भाड्याची पावती. अहो, आधार आणि पावती कुठे असतात माणसाच्या? कपाटात! आणि कपाट कुठंय?

हे ऐकताना मला सारखे अण्णा दिसत होते.

२ ऑगस्ट २०१६. त्या दिवशी गोदावरी भांडीबाजारात शिरली, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमचं टेलरिंगचं दुकान तिथंच. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, नुसता चिखल उरला आणि दोरी बांधलेली. अण्णा सकाळी सातला दुकानाची किल्ली मुठीत धरून दोरीपाशी उभे. मशीनचं त्यांना काही नव्हतं. "मशीन लोखंडाचं आहे, पुसून घेऊ," म्हणाले. त्यांना हवी होती मापांची वही. तीस-बत्तीस वर्षांची मापं. कुणाचा डावा खांदा उतरलेला, कुणाला कॉलर सैल लागते, सगळं शाईच्या पेनानं लिहिलेलं. वही फळीवर होती, खालून भिजली असणार हे त्यांना माहीत होतं. पण लगेच मिळाली तर पान पान सुटं करून दोरीवर वाळवता येईल, हा त्यांचा हिशेब.

अडवणाराही वाईट नव्हता, हे कबूल करतो. म्हणाला, "बाबा, काल रात्री महाडचा पूल गेला, आम्हाला रिस्क घेता येत नाही." खरंच होतं ते. सावित्रीवरचा पूल त्याच रात्री वाहून गेला होता.

पण तीन दिवस? तिसऱ्या दिवशी आत सोडलं तेव्हा वहीचा लगदा झाला होता, वर हिरवी बुरशी. अण्णा काही बोलले नाहीत. पुठ्ठ्याचं कव्हर तेवढं पुसून घरी आणलं.

कायदा मीही वाचलाय. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ३४. बाधित भागात माणसांच्या ये-जा करण्यावर नियंत्रण ठेवायचा आणि निर्बंध घालायचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे. असावाच. पण नियंत्रण वेगळं आणि निर्बंध वेगळे ना? आपल्याकडे फक्त दुसरा शब्द वाचतात. पट्टी बांधायला पाच मिनिटं लागतात, ती पट्टी कुणाच्या सहीनं उचलायची हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

आणि मागतोय काय आपण? पट्टीपाशी एक टेबल. सही करू शकेल असा एक माणूस, एक इंजिनिअर, एक रजिस्टर. वीज-गॅस बंद, एका वेळी दोघं, दहा मिनिटं, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. कागद नसतील तर दोन शेजाऱ्यांची सही घ्या, गल्लीत कोण कुणाला ओळखत नाही? कुंभमेळ्यात आखाड्यांना मिनिटांच्या हिशेबानं रामकुंडात उतरवून बाहेर काढणारं गाव आहे हे. काकूंच्या चार पावलांचं नियोजन जमत नाही होय!

आता दुपारचं सांगतो. दीड वाजता कुणाचा तरी फोन आला आणि दोन पोरं पट्टी वाकवून आत. मोबाइल वर धरून पडक्या भिंतीचा व्हिडिओ काढला, हसत बाहेर आली. मी बोळाच्या तोंडाशी बसलेल्या त्या माणसाकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली. तेव्हा मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

तासाभरानं परत गेलो तर तो तिथंच उन्हात, पाण्याची बाटली रिकामी. बावीस-तेवीसचा असेल. "दादा, मला फक्त सोडू नको सांगितलंय," म्हणाला. त्याला पाणी आणून दिलं. त्याच्यावर ओरडून काय मिळवलं मी?

हो, आत गेलं आणि वरून वासा पडला तर जबाबदार कोण, असं विचारणारे येतीलच. रास्त आहे. म्हणून तर इंजिनिअर म्हणतोय. अण्णांनीही २०१६ ला एवढंच म्हटलं होतं, "मला एकट्याला नको सोडू, तू ये बरोबर."

काकू आत्ता आईचा चष्मा लावून टीव्हीसमोर बसल्यात. गोळीचं नाव आठवत नाही, "गुलाबी, बारीक, मधे चीर" एवढंच सांगतात. डॉक्टरांची चिठ्ठी अर्थात त्याच डब्यात. आमच्या डॉक्टरांकडे सकाळी नेतोय.

तिथून परत पट्टीपाशी. अर्ज लिहून ठेवलाय, काकूंचा अंगठा नाही, चांगली वळणदार सही आहे. फक्त वर 'प्रति' लिहून पुढची जागा कोरी सोडलीय. तिथं कुणाचं नाव घालायचं हे कुणाला नक्की माहीत असेल तर आज रात्रीच सांगा.