हे काय जंगल आहे, बाप्पा?

समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमणे इथे संपतो असं नकाशात दाखवतात. ते खरं नाही. तो बोरिवली पूर्वेला आमच्या हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर संपतो. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, नागपूर-मुंबई 701 किलोमीटर आठ तासांवर आलं आणि माझी सासुरवाडी, जी चंद्रपूरला सुरक्षित अंतरावर होती, ती एका दमात येण्याजोगी झाली. 'लय लांब पडते बाप्पा तुमचं' म्हणून जे नातेवाईक बारशालासुद्धा आले नाहीत, ते आता नुसती गाडी कशी पळते ते पाहायला येतात. आणि एकदा आले की बोरिवलीत दाखवण्यासारखं काय आहे? नॅशनल पार्क.

दादरला राहणाऱ्याला पाहुणे घेऊन चौपाटीवर जाता येतं, तिथे भेळ घेऊन दिली की कर्तव्य संपतं. बोरिवलीकराला डोंगर चढावा लागतो.

गेल्या दिवाळीत थोरले साडू आले. सोबत मोठी मेव्हणी, त्यांची दोन मुलं, फराळाचे चार डबे आणि एमएच 34 ची पांढरी इनोव्हा. आमची ही एरवी शुद्ध मुंबईकर मराठी बोलते. बहीण दारात दिसली आणि चप्पल काढायच्या आत 'काय वाळून गेली वं तू!' सुरू झालं. पुढचे सगळे दिवस माझ्याच घरात मी एकटा पुस्तकी बोलत होतो.

साडू कोळशाच्या खाणीत हिशेबाला आहेत. पण चंद्रपूरचा माणूस कुठल्याही खात्यात असला तरी वाघाच्या बाबतीत तो स्वतःला वनखात्यातलाच समजतो. त्यांच्याकडे औष्णिक वीजकेंद्राच्या आवारातसुद्धा वाघ फिरतात, तेव्हा त्यात अतिशयोक्ती आहे असंही म्हणता येत नाही. 'रविवारी नॅशनल पार्कला जाऊ,' असं मी म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

'किती मोठं आहे?'

'शंभराच्या थोडं वर. 104 चौरस किलोमीटर.'

'आमचं ताडोबा 116. राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. अन् व्याघ्रप्रकल्प धरला तं सतराशेच्या वर जाते.'

'आमच्या उद्यानाच्या चारी बाजूंनी शहर आहे,' मी म्हणालो.

'त्याच्यात सांगण्यासारखं काय आहे?'

वास्तविक सांगण्यासारखं त्यातच आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढं जंगल जगात फार ठिकाणी नाही. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव याच हद्दीत आहेत, विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, आणि विहारमध्ये मगरी आहेत. दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते, आणि पुढे शहरात शिरून जे काय होते ते होते. पण हे सगळं मला त्या रविवारपर्यंत असं सलग कधी आठवलंच नव्हतं. आम्ही बोरिवलीकर नॅशनल पार्कचा उपयोग रिक्षावाल्याला पत्ता सांगताना करतो. माझ्या गावच्या जंगलाला कुणी हलकं म्हणतंय, हे ऐकलं आणि मी एकदम वनरक्षकाच्या भूमिकेत शिरलो.

'सोमवारी बंद असतं,' मी उगाचच रुबाबात म्हणालो.

'आमचं मंगळवारी.'

यावर बोलणं थांबलं.

रविवारी फाटकापाशी अर्धी मुंबई होती. सकाळच्या फेरीला येणारी मंडळी एव्हाना घरी परतत होती. त्यांच्यात ठरावीक आजोबा असतात, हाफ पँट, डोक्यावर कानटोपी, आणि चालता चालता एकमेकांना साखरेचे रिपोर्ट सांगतात. साडू त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. 'जंगलात लोक हसत हसत पायी जाऊन राहिले,' ते मेव्हणीला म्हणाले, 'म्हणजे आत काहीच नाही.' ताडोब्यात जिप्सीतून खाली पाय ठेवायची परवानगी नसते. त्यांच्या दृष्टीने जंगलाचा दर्जा गाडीतून उतरण्याच्या बंदीवर ठरतो.

मुलांना सफारी हवी होती, म्हणून आधी तिकडे गेलो. जाळी लावलेल्या बसमधून कुंपणाच्या आतले वाघ-सिंह दाखवतात. एक वाघ झाडाखाली आमच्याकडे पाठ करून पडला होता. साडू सीटवरून अर्धवट उठले. परमुलखात आपल्या गावचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

'पाठीवरचे पट्टे पाहा. हा आमच्याकडचा आहे.'

त्या वाघाचं मूळ गाव मला माहीत नव्हतं, पण मी तेवढ्यात सांगून टाकलं की 2019 च्या डिसेंबरात इथल्या वाघिणींसाठी स्थळ म्हणून नागपूरच्या गोरेवाड्याहून सुलतान नावाचा वाघ आणला होता. बसमध्ये शांतता पसरली. मग साडूंच्या डोळ्यांत वधूपित्याचं, म्हणजे वरपित्याचं, तेज आलं.

'म्हणजे पोरगा आम्ही दिला!'

'हो.'

'अन् घरजावई ठेवला तुम्ही त्याले!'

पुढचा सगळा वेळ ते मुलांना समजावत होते की मावसाजी बोरिवलीहून चंद्रपूरचे जावई झाले, त्याच्या बदल्यात आपण वाघ दिला. या सौद्यात फायदा कुणाचा झाला याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. धाकट्या भाच्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. त्याच्याही मनात नव्हती.

तिथून कान्हेरी. फाटकापासून लेणी पाच-सहा किलोमीटर वर आहेत, बस जाते, भाड्याच्या सायकलीही मिळतात. 'सायकली घेऊ, मजा येईल,' ही कल्पना आमच्या हिची. रस्ता वर चढत जातो हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं. साडूंना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

चंद्रपूरला मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो. त्या उन्हात साडू दुपारी दोन वाजता पान खायला चौकात जातात. त्यामुळे ऑक्टोबरातल्या मुंबईच्या चौतीस अंशांना ते हसले. पण चंद्रपूरचा घाम येतो आणि वाळून जातो. बोरिवलीचा येतो आणि मुक्काम करतो. पहिल्या चढावर त्यांच्या शर्टाचा रंग बदलला. दुसऱ्यावर ते सायकलवरून उतरले आणि 'झाडं पाहतो जरा' म्हणाले. तिसऱ्या चढावर त्यांनी साग, पळस, कुडा, उंबर असं प्रत्येक झाड थांबून पाहिलं. वनस्पतिशास्त्रात एवढा रस मी कुणाचाच पाहिला नव्हता. शेवटी सायकली हातात धरून आम्ही दोघे साडू चालत राहिलो, आणि बायका व मुलं बसमधून हात हलवत शेजारून गेली. सायकलीची कल्पना जिची, ती खिडकीत बसली होती.

डोंगरउतारावर करवीच्या काटक्याच काटक्या होत्या. मी माझा हुकमाचा पत्ता काढला.

'ही करवी. आठ वर्षांतून एकदाच फुलते. सगळा डोंगर जांभळा होतो. 2016 ला फुलली, 2024 ला फुलली.'

'म्हणजे मागच्या वर्षी.'

'हो.'

'आता कधी?'

'2032.'

साडूंनी सायकल स्टँडवर लावली. 'वाघ आमच्याकडून आणलेला. फुलं मागच्या वर्षी होऊन गेली. मग सध्या तुमच्या जंगलात काय आहे?'

'बिबटे आहेत. 2018 च्या मोजणीत हे उद्यान आणि आजूबाजूचा जंगलपट्टा धरून 47 निघाले होते.'

'कुठं आहेत?'

'दिसत नाहीत.'

'मंग मोजले कसे?'

'कॅमेऱ्याने.'

'म्हणजे फक्त कॅमेऱ्यालेच दिसतात,' साडू म्हणाले, आणि सगळ्या सह्याद्रीवरून एक नजर फिरवून त्यांनी निकाल दिला, 'हे काय जंगल आहे, बाप्पा?'

मी बिबट्याची बाजू मांडायचा प्रयत्न केला. दिसत नाही हेच त्याचं कसब, म्हणून तर तो मुंबईत टिकला. भटकी कुत्री खातो, रात्री हिंडतो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. 'म्हणजे भाडेकरू,' साडू म्हणाले.

कान्हेरीच्या पायऱ्यांवर बाकीची मंडळी फराळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माकडांना खायला घालू नका असे फलक जागोजागी आहेत, आणि आम्ही घातलं नाही. त्याने घेतलं. मेव्हणीने पिशवीची गाठ सोडली तेवढ्यात वरच्या कातळावरून एक दांडगा हुप्प्या उतरला आणि पिशवी घेऊन चार पायऱ्या वर जाऊन बसला. तिथे त्याने शांतपणे फराळ तपासला. चकल्या आवडल्या. शेवही आवडली. मग त्याने मेव्हणीच्या हातचा अनारसा उचलला, वास घेतला, एका कोपऱ्याला दात लावून पाहिला आणि जसाच्या तसा पायरीवर ठेवून दिला.

त्या क्षणी कुणीही हसलं नाही. मेव्हणीचे अनारसे गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे चहात बुडवून, स्तुती करत खातो. एवढं स्पष्ट मत आमच्यापैकी कुणी कधी दिलं नव्हतं. मी लेण्यांची माहिती सांगायला लागलो. फार मोठ्याने.

'इथे 109 लेणी आहेत! इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून कोरली!'

लेणी मात्र खरोखरच अशी आहेत की साडूसुद्धा गप्प झाले. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना उभे बुद्ध आहेत, माणसाच्या तीन-चार पट उंच. आतमध्ये स्तूप, खांबांची रांग आणि डोंगराच्या पोटातला गारवा. भिक्खूंच्या खोल्यांपाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि पावसाचं पाणी तिथवर आणायला दगडातच पन्हळी काढल्या आहेत. आमची ही एका टाक्यात वाकून बघत म्हणाली, 'बघा, यांच्याकडे टँकर नव्हता.' आमच्या सोसायटीत पाणी सकाळी पाऊण तास येतं. तिने आणखी दोन-तीन टाकी पाहिली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिलं, जणू पन्हळी खोदायच्या राहिल्या त्या माझ्यामुळे.

इतक्यात साडू दिसेनासे झाले. शोधलं तेव्हा ते एका विहारातल्या खोलीत दगडी ओट्यावर आडवे झाले होते आणि घोरत होते. आवाज कातळात घुमून बाहेरच्या लोकांना काहीतरी प्राचीन वाटत होतं, दोघं-तिघं आत डोकावूनही गेले. शिट्टी वाजवत पहारेकरी आला.

'ओ काका, उठा. इथे झोपायचं नाही.'

साडूंनी एक डोळा उघडला. 'हे ओटे कायले केले होते?'

पहारेकरी अडला. भिक्खूंनी झोपण्यासाठी, हे त्यालाही ठाऊक होतं.

'ते वेगळे लोक होते,' तो शेवटी म्हणाला.

येताना सायकली उताराने आपोआप आल्या. साडूंचं म्हणणं पडलं की तेवढाच भाग चांगला आहे, तो दाखवून आधीच परत आणायला हवं होतं. घरी आल्यावर त्यांनी चंद्रपूरला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, 'हाव, पाह्यलं. बगीचा आहे मोठा. माकडं आहेत.'

सोमवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली गेलो, तर वॉचमन पार्किंगमध्ये चार-पाच जणांना मोबाइल दाखवत होता. सोसायटीची मागची भिंत उद्यानाच्या बाजूला आहे. रात्री पावणेतीनला सीसीटीव्हीत तो आला होता. भिंतीवरून सावकाश उतरला, दुचाक्यांच्या रांगेतून गेला, पांढऱ्या इनोव्हापाशी थांबला, पुढचं चाक हुंगलं, मागचं चाक हुंगलं आणि शेपटी वर करून एमएच 34 वर रीतसर आपली सही केली.

मी तो व्हिडिओ साडूंना दाखवला. काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा पाहिला, मग बनियनवरच खाली जाऊन चाकाचा वास घेतला.

'नर आहे,' वर येऊन ते म्हणाले. आवाजात आदर होता.

त्यांचं परत जाणं लांबलं. त्या रात्री ते सतरंजी, टॉर्च आणि मेव्हणीने भरून दिलेला चहाचा थर्मास घेऊन इनोव्हात काचा वर करून बसले. वॉचमनला त्यांनी गाईड नेमलं, दिसला की काचेवर दोनदा टकटक करायची, बक्षिसी ठरली. बिबट्या आला नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी अनुभवाच्या जोरावर असं सुचवलं की सोसायटीतला मोती नावाचा कुत्रा खांबाजवळ बांधून ठेवला तर काम होईल. मोतीला रोज पोळी घालणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत ही सूचना सकाळी सातच्या आत पोचली, आणि आठ वाजता सेक्रेटरींची नोटीस सोसायटीच्या ग्रुपवर आली:

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की पार्किंगचा वापर फक्त वाहने उभी करण्यासाठी करावा. रात्री वाहनात बसून वन्यप्राण्यांची वाट पाहू नये. सोसायटीचे कुत्रे कोणत्याही कारणासाठी बांधू नयेत. पाहुण्यांना वरील नियम समजावून सांगण्याची जबाबदारी संबंधित जावयाची राहील.'