शिट्टी होणार हं, सोमू

मुलगी कॉलेजला निघाली की आईबाप रडतात म्हणे. मला सवड मिळाली नाही. जाताना ती एक चिंचिला आणि भिंतीवर दोन पानी सूचनापत्र ठेवून गेली. पहिलं कलम: ‘बाबा, त्याला अचानक झालेले आवाज चालत नाहीत.’ पुढच्याच आठवड्यात पुण्याहून आमच्या न्यू जर्सीच्या घरी आई आली. सहा महिन्यांसाठी, स्वतःचा कुकर घेऊन.

चिंचिला म्हणजे वाटीएवढे कान, खारीसारखी शेपटी आणि मध्ये राखाडी लोकरीचा गुंडा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांतला प्राणी. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे मी निवृत्त झालो तरी हे साहेब सेवेत असणार. नाव स्मोकी. आईने विमानतळावरून घरी येऊन चपला काढेपर्यंत त्याचा सोमू केला.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता कुकरची शिट्टी झाली. सोमू तेव्हा माझ्या हातात होता. पुढच्या क्षणी तो कपाटाखाली होता आणि माझ्या मुठीत त्याचे केस. घाबरला की चिंचिला अंगावरचे केस सोडून देतो. शत्रूच्या तोंडात लोकर राहते आणि हा पसार. शत्रू मी. कपाटाखालून भुंकण्याचा आवाज येत होता, रबरी बदक दाबल्यासारखा.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. माणसाला जे ऐकू येतं ते जवळपास सगळं चिंचिलाला येतं. म्हणून तर श्रवणशक्तीच्या संशोधनात त्याला वापरतात. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, आत लपायला लाकडी खोका द्या, दिवसा झोपू द्या, आणि नवीन आवाजांची सवय हळूहळू लावा. हळूहळू म्हणजे किती, ते मी घरी येऊन शोधलं. चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्याने १९२३ साली जेमतेम डझनभर चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियाला नेले, तर डोंगरावरून खालच्या हवेत उतरवायलाच त्याने वर्षभर घेतलं म्हणतात. आमची आई एका दिवसात उतरली होती. तिला कोणी हळूहळू उतरवलं नव्हतं.

मग थर्मोस्टॅटचं युद्ध. सोमूला घाम येत नाही, पारा पंचवीस सेल्सिअसच्या वर गेला की त्याच्या जिवावर बेततं. घर वीसवर. आई स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून सोफ्यावर. “अरे, मी मुलाकडे आलेय की अमरनाथला?”

दिवाळीला तिने सोमूसाठीही उटणं भिजवलं. मी धावत जाऊन थांबवलं. त्याच्या एकेका मुळातून पन्नासच्या वर केस येतात, अंग भिजलं तर लवकर वाळत नाही, म्हणून तो ज्वालामुखीच्या राखेसारख्या बारीक धुळीत लोळून अंघोळ करतो. आईने त्याला लोळताना पाहिलं, टीव्हीवर बसलेला थर पाहिला, आणि विचारलं, “गोसावी आहे का हा?”

इकडे मी सूचनापत्राबरहुकूम घर शांत करत होतो. मिक्सर गॅरेजमध्ये. दारांना फेल्ट. बायको फोडणी करताना तोंडावर बोट ठेवी, जणू मोहरी ऐकणार होती. एवढं करून सोमू माझी चाहूल लागली की खोक्यात.

एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो तर मुलीच्या खोलीत उजेड. आईचं घड्याळ अजून पुण्याचंच होतं, आणि सोमूचा तर तोच दिवस. तो चाकावर धावत होता (तो आवाज मात्र घरातल्या सगळ्यांना चालायला हवा) आणि आई खुर्चीत बसून त्याला भावकीतल्या जमिनीची केस सांगत होती. मध्येच चाक थांबे, कान वळत. “बघ, ह्याला कळतंय,” आई म्हणाली. “तुला कधी कळली नाही.”

त्यानंतर तिने स्वतःच पद्धत बसवली. शिट्टीच्या आधी दारात उभं राहून, “शिट्टी होणार हं, सोमू.” आरतीच्या आधी, “घंटा हं, सोमू.” रोज त्याच वेळेला, त्याच सुरात. दिवाळीनंतर महिन्याभरात तो शिट्टीला नुसता एक कान हलवायचा आणि पुन्हा झोपायचा.

आता तो भुंकतो ते फक्त मला. त्याला लागतं टिमथीचं गवत, आणि मला त्या गवताने शिंका येतात. आमच्या घराण्याची शिंक, तीन घरं पलीकडे पोचणारी, आणि तिची पूर्वसूचना मलाही मिळत नाही. मुलीने व्हिडिओ कॉलवर निकाल दिला, “बाबा, तू बाहेर जाऊन शिंक ना.”

बाहेर फेब्रुवारी आहे. मी गॅरेजमध्ये मिक्सरशेजारी उभा आहे, नाकात हुळहुळतंय. आतून आईचा आवाज येतो, “बाबा शिंकणार हं, सोमू.”