तैवानचा प्रश्न १९४९ला सुरू होत नाही

‘१९४९मध्ये तैवान चीनपासून फुटला’ असं तैवान-चीन वादावरच्या एका लेखात एका वाक्यात उरकलंय, ते खटकलं. १८९५च्या शिमोनोसेकी तहात चीनच्या चिंग राजघराण्याने हे बेट जपानला देऊन टाकलं होतं. पुढची ५० वर्षं तिथे जपानी अंमल होता. १९४५मध्ये चीनमधलं च्यांग काय-शेकचं राष्ट्रवादी सरकार आलं, तेव्हा लोकांनी आधी स्वागतच केलं. पण २७ फेब्रुवारी १९४७च्या संध्याकाळी तैपेईत चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेचा माल आणि पैसे अधिकाऱ्यांनी हिसकावले, पिस्तुलाच्या दस्त्याने तिचं डोकं फोडलं, आणि बेट पेटलं. हजारो माणसं मारली गेली. पुढे १९४९ ते १९८७ लष्करी कायदा! एवढं सोसलेल्या समाजाला ‘फुटलेला प्रांत’ म्हणून मोकळं कसं व्हायचं?

कायद्याची बाजूही लेखात वाटते तितकी सरळ नाही. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने तैवानवरचा हक्क सोडला, पण तो कोणाकडे गेला हे लिहिलंच नाही. १९७१च्या ठराव क्रमांक २७५८ने संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा च्यांगच्या सरकारऐवजी बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारला मिळाली; त्यात तैवानचं नावही नाही. आणि १९९६पासून स्वतःचा राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडणाऱ्या तिथल्या लोकांना काय हवंय, यावर लेखात एक ओळसुद्धा नसावी?