मावळती बघायला पूर्वेला

सांगलीची मावशी चार दिवसांसाठी आली आणि पहिल्याच चहाला म्हणाली, "मला डोंगरावरचं जुनं देऊळ दाखव. सूर्य बुडताना." आम्ही राहतो गिरगावात. चौपाटी आठ मिनिटांवर. बाबुलनाथ टेकडीवर, वर जायला लिफ्टसुद्धा. पण पाहुण्यांपुढे मिरवायची खाज! म्हटलं, "बाबुलनाथ काय, तुला दीड हजार वर्षांपूर्वीचं शिवालय दाखवतो. घारापुरी."

सोमवार टाळला. सोमवारी लेणी बंद असतात, हे मागच्या खेपेला मला गेटवेवर पोचल्यावर कळलं होतं. मंगळवारी दोनची लाँच धरली. वरच्या मजल्यावर बसायचे जादा पैसे मागितल्यावर मावशीने त्या पोराला विचारलं, "एसटीच्या टपावर बसायला कुणी पैसे घेतलेत का कधी?" आम्ही तासभर खाली बसलो, डिझेलच्या वासात.

जेट्टीवरून झुकझुक गाडी आणि मग साधारण सव्वाशे पायऱ्या. डोलीवाले मागे लागले. मावशीने ती खुर्ची, ते दांडे आणि ते चौघे नीट निरखले. "चौघांनी उचलायला अजून वेळ आहे रे माझा," म्हणाली आणि तरातरा चढू लागली. पण दोन्ही बाजूंना दुकानं. दगडी हत्ती, माळा, टोप्या. प्रत्येक ठिकाणी भाव पाडायचा, निम्म्यावर आणायचा आणि "येताना बघू" म्हणून पुढे सरकायचं. सव्वाशे पायऱ्यांना पाऊण तास! ही दुकानं तेव्हा असती तर पोर्तुगीजांनाही बेट इतक्या सहज मिळालं असतं, असं मला वाटत नाही.

वर पोचतो न पोचतो तोच माकडाने पिशवीतली नैवेद्याची केळी पळवली. मी हाड्हाड् करतोय, तर मावशीच मला दटावते, "असू दे. रुद्राचाच अवतार तो. पोचला नैवेद्य."

आत सदाशिवासमोर मात्र ती गप्प झाली. वीसेक फुटांची ती तीन मुखं. मधलं डोळे मिटलेलं, उजवीकडचं हातात कमळ घेतलेलं. तिनेही डोळे मिटले. मी घड्याळ बघत होतो. डिसेंबरात सूर्य सहाला बुडणार आणि शेवटची लाँच साडेपाचला! हा हिशेब घरी करायचा असतो. तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी वाजली, आणि देवाच्या आधी आम्हीच जागे झालो. उतरताना एकाही दुकानाकडे बघायला सवड नव्हती. "येताना बघू" ऐकलेले सगळे दुकानदार मात्र आमच्याकडे बघत होते.

लाँच सुटली, या वेळी वरचे पैसे मी गुपचूप भरले. समोर लाल गोळा खाली खाली येत नेमका गेटवेच्या मागे, मुंबईच्या इमारतींत शिरला.

मावशी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या त्या चौपाटीवर बुडतो तो हाच ना रे?"

"हो."

"मग उद्या बाबुलनाथ. लिफ्टने."