वाचनालयाचं पुस्तक आणि लेखकाचा वाटा

‘मराठी पुस्तकं विकत घेऊनच वाचा’ हा आग्रह आपल्याकडच्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर अधूनमधून जोर धरतो. आवृत्ती छोटी, तीही संपायला वर्षं लागतात, मग लेखकाच्या हाती पडणार काय, असं म्हणणं असतं. ते खरंच आहे. पण त्याच दमात वाचनालयातून पुस्तक आणणाऱ्याला किंवा जुनी प्रत घेणाऱ्याला फुकट्या ठरवलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. चांगली वाचणारी माणसंही मग ‘जुनंच घेतलंय’ असं ओशाळून सांगतात.

मी ब्रिटनमध्ये राहते. इथल्या ग्रंथालयात यंत्रावर पुस्तक ठेवलं की परतीची तारीख छापलेली चिठ्ठी बाहेर येते आणि पुस्तक नेल्याची नोंद होते. 1979च्या ‘पब्लिक लेंडिंग राइट’ कायद्यानुसार अशा नोंदींवरून लेखकाला पैसे मिळतात. पहिले पैसे 1984 साली दिले गेले. निवडक ग्रंथालयांच्या नोंदींवरून देशभराचा अंदाज बांधतात आणि दर देवघेवीमागे काही पेन्स देतात. पैसा सरकारचा, वाचकाला तोशीस नाही. अनुवादकाला आणि चित्रकारालाही वाटा असतो. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त 6,600 पौंड मिळतात, त्यामुळे खपाऊ लेखकच सगळा निधी घेऊन जात नाहीत. डेन्मार्कने तर ही सोय 1946 सालीच केली होती. जुनी पुस्तकं विकणाऱ्या इथल्या काही कंपन्याही 2021पासून आपल्या उत्पन्नातली थोडी रक्कम लेखकांसाठी स्वखुशीने बाजूला काढू लागल्या आहेत.

म्हणजे लेखकाची काळजी वाचकाला न लाजवताही घेता येते.

आपल्याकडे 1957चा कॉपीराइट कायदा एकदा विकलेली छापील प्रत पुन्हा विकायला आडकाठी करत नाही. त्या प्रतीचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात. पीडीएफचं तसं नाही. ती पुढे पाठवली की दर वेळी एक नवी प्रत तयार होते आणि तिचे पैसे कुणीच दिलेले नसतात. अपराधी वाटायचंच असेल तर तिथे वाटावं. शिवाय मराठीत कितीतरी चांगली पुस्तकं पुन्हा छापलीच जात नाहीत. ती वाचायची तर जुनी प्रत शोधायची, नाहीतर वाचनालयाच्या कपाटातली, पानं पिवळी पडलेली, शिवण सुटत आलेली प्रत सांभाळून घरी आणायची. असा वाचक नसता तर ती पुस्तकं केव्हाच विस्मरणात गेली असती.

महाराष्ट्रात 1967पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. शासनमान्य ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळतं. पण पुस्तक किती वेळा वाचलं गेलं, यावर लेखकाला काही मिळत नाही. ब्रिटनमधल्या योजनेचाही आपल्या लेखकांना उपयोग नाही, कारण ती ब्रिटनमध्ये किंवा युरोपातल्या ठरावीक देशांत राहणाऱ्यांपुरती आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या लेखकाचं पुस्तक इथल्या ग्रंथालयातून कितीही जणांनी नेलं तरी त्याला काहीच मिळणार नाही. त्याची सोय महाराष्ट्रालाच करावी लागेल.

साहित्य संमेलनाच्या शेवटी दरवर्षी ठराव मांडले जातात. देवघेवीच्या नोंदींवरून लेखकाला मानधन द्यावं, असा एक ठराव त्यात यावा. सुरुवात मोठ्या ग्रंथालयांपासून केली तरी चालेल.